बर्ड फ्लूच्या नावावर

२०२२ च्या नोव्हेंबरात, इंग्लंडमधल्या आमच्या गावच्या सुपरमार्केटमध्ये, अंड्यांच्या जवळजवळ मोकळ्या रॅकवर एक कागद चिकटवलेला होता. बर्ड फ्लूमुळे पुरवठा विस्कळीत झाला असून प्रत्येकाने मोजकीच खोकी घ्यावीत, अशी त्यावर विनंती होती. त्याच सुमारास ॲस्डा या सुपरमार्केट साखळीने गिऱ्हाइकामागे दोन आणि लिडल या दुसऱ्या साखळीने तीन खोक्यांची मर्यादा घातल्याच्या बातम्या आल्या होत्या. कागदावरचे कारण खोटे नव्हते. साथ खरोखरच मोठी होती आणि ७ नोव्हेंबरपासून इंग्लंडभर पाळीव पक्षी बंदिस्त ठेवण्याचा सरकारी आदेशही निघाला होता. तरीही पुरते खरे कारण त्या कागदावर नव्हते, हे मला आठवडाभराने कळले.

आमच्या गावाबाहेर एक शेतकरी फाटकापाशी लाकडी पेटीत अंडी ठेवतो; आपण खोके उचलायचे आणि शेजारच्या पत्र्याच्या डब्यात पैसे टाकायचे. त्या दिवशी तो स्वतःच तिथे भेटला. त्याच्या दोन शेडपैकी एक शेड रिकामी होती, पण साथीने नव्हे. कोंबड्यांची जुनी बॅच काढल्यावर नव्या तलंगांची, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांची, मागणी त्याने नोंदवलीच नव्हती. युक्रेनच्या युद्धानंतर गहू महागला, त्यापाठोपाठ कोंबड्यांचे खाद्य आणि वीजही महागली, आणि हातात पडणाऱ्या भावात प्रत्येक डझनामागे तोटाच दिसत असताना हजारो पक्षी आणून त्यांना वर्षभराहून अधिक काळ पोसणे त्याला परवडणारे नव्हते. शेतकऱ्याने वसंतात न नोंदवलेली बॅच दुकानात हिवाळ्यात जाणवते, कारण तलंग साधारण वीस आठवड्यांची झाल्याशिवाय अंड्यावर येत नाही.

मोकळ्या पद्धतीने कोंबड्या पाळणाऱ्या इथल्या उत्पादकांच्या संघटनेने मार्चमध्येच इशारा दिला होता की डझनामागे निदान ४० पेन्स वाढवून मिळाले नाहीत तर शेतकरी धंदा सोडतील. संघटनेच्या म्हणण्यानुसार नोव्हेंबरपर्यंत दुकानातला भाव डझनाला सुमारे ४५ पेन्सनी वाढला, शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र त्यातले १८ पेन्सच आले. आरडाओरड झाल्यावर टेस्को या सुपरमार्केट साखळीने पुरवठादारांना जादा रक्कम जाहीर केली खरी. पण ज्याने शेडला कुलूप लावले होते त्याला तिचा काय उपयोग?

इथली मोठी सुपरमार्केटे पुरवठादारांशी कशी वागतात यावर नियम आहेत आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणारा एक अधिकारीही २०१३ पासून नेमलेला आहे. मात्र हे नियम सुपरमार्केटला थेट माल देणाऱ्यालाच लागू होतात. अंड्यांचा शेतकरी बहुधा थेट माल देत नाही. अंडी निवडून, त्यांवर शिक्के मारून खोक्यांत भरणारा पॅकर मध्ये असतो. त्यामुळे भाव पाडणारा एका टोकाला, तोटा सोसणारा दुसऱ्या टोकाला, आणि संरक्षण पॅकरपाशीच संपलेले, अशी ही रचना आहे. सुपरमार्केट म्हणते की आम्ही पॅकरला भाव वाढवून दिला, पॅकर म्हणतो की तेवढा आमच्याच खर्चात गेला, आणि शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागायची हे कोणीच सांगत नाही.

त्या शेतकऱ्याचे बोलणे ऐकताना मला माझे मामा आठवले. पुणे जिल्ह्यात त्यांच्या दोन हजार लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्या, होत्या आणि संध्याकाळी फोन वाजला की त्यांचा पहिला प्रश्न असे, "उद्याचा रेट काय निघाला?" पूर्वी हा रेट व्यापारी सांगतील तोच असे. त्यालाच कंटाळून पोल्ट्रीवाले कुक्कुट उद्योजक बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने एकत्र आले आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. माझे अंडे, माझा भाव, माझे जीवन, अशा अर्थाची तिची घोषणा मामांना तोंडपाठ होती. समितीने जाहीर केलेल्या रेटातूनही व्यापारी शेकड्यामागे काहीतरी कापून घेतच, आणि मामा त्यांना यथेच्छ शिव्या घालत. पण कापले किती, हे त्यांना निदान कळत तरी होते. फाटकापाशी उभ्या असलेल्या या गृहस्थाला आपले अंडे शेवटी किती नफ्यावर विकले जाते याचा अंदाजही नव्हता.

दरम्यान सेन्सबरीजने काही दुकानांत इटलीची अंडी आणली. इथले शेतकरी शेड रिकाम्या ठेवत असताना पंधराशे किलोमीटरवरून अंडी आणणे परवडते, याचा हिशेब मला अजून नीट लागलेला नाही.

फाटकाजवळच्या पेटीवर सहा अंड्यांचा जुना भाव खडूने खोडून नवा लिहिलेला होता, सुपरमार्केटपेक्षा थोडा कमीच. मी दोन खोकी घेतली. सुटे नव्हते, म्हणून डब्यात नोट टाकली आणि उरलेल्या पैशांची आणखी अंडी पुढच्या शनिवारी नेईन असे त्याला सांगितले. त्यावर तो म्हणाला की शनिवारी लवकर या, दहानंतर काही उरत नाही.