रोजची क्यूसी हिरवी, तरी एसयूव्ही घसरत होती: पेट-सीटीच्या स्थिरतेबद्दल माझा अनुभव

पेट-सीटी म्हणजे किरणोत्सारी औषध देऊन ते शरीरात कुठे साचतं ते दाखवणारा स्कॅनर. त्याची रोजची क्यूसी (गुणवत्ता तपासणी) पास झाली की एसयूव्ही (दिलेली मात्रा आणि वजन धरून, एखाद्या भागात औषध किती साचलं याचा आकडा) बरोबरच, असं पुष्कळ ठिकाणी धरून चालतात. तसं नसतं. हे पटवून देण्यात इतका वेळ गेला की त्याची चीड अजून गेलेली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

सकाळची कामं सरळ असतात. सीटीच्या ट्यूबचा वॉर्म-अप, एअर कॅलिब्रेशन, पाण्याचा फँटम (रुग्णाऐवजी स्कॅन करायची चाचणीची वस्तू) 0 ± 4 एचयू (सीटीवरच्या घनतेचं एकक), मग जर्मेनियम-68चा सीलबंद फँटम ठेवून पेटची चाचणी. घोडं अडलं ते तिमाही तपासणीत. एफ-18 (रुग्णांना देतात ते किरणोत्सारी फ्लोरिन) भरलेल्या सिलिंडर फँटमची एसयूव्ही 1.00 यायला हवी. ती 0.99, मग 0.98, मग 0.96 आली. सर्व्हिसकडून उत्तर मिळालं: मर्यादा ±10 टक्के आहे, रोजचा आलेख हिरवा आहे, फारच वाटत असेल तर नव्याने क्रॉस-कॅलिब्रेशन (स्कॅनरचा आकडा मात्रा मोजणाऱ्या डोस कॅलिब्रेटरशी जुळवणं) करून देतो.

असं उत्तर मिळालं तर अजिबात मान्य करू नका. आकडा मर्यादेत असला तरी दर वेळी एकाच दिशेने सरकतोय, म्हणजे कारण आहे. ते न शोधता कॅलिब्रेशन केलं, तर चूक कॅलिब्रेशनच्या गुणकात गाडली जाते आणि पुढे कुणी मूळ बिघाड दुरुस्त केला की एसयूव्ही उलट्या बाजूला जाते.

उत्तर दोन फँटमच्या फरकात होतं. जर्मेनियमच्या फँटममधली मोजलेली तीव्रता प्रमाणपत्राशी जुळत होती, एफ-18ची मात्र कमी येत होती. म्हणजे स्कॅनर ठीक. दोष डोस कॅलिब्रेटर, सिरिंज, फँटमचं आकारमान किंवा घड्याळ यांपैकी कशात तरी. सीझियम-137चा (फार सावकाश उतरणारा) तपासणीचा स्रोत ठेवून पाहिलं तर डोस कॅलिब्रेटर स्थिर. फँटम रिकामा आणि भरलेला असा वजन करूनच भरलेला होता (1 ग्रॅम म्हणजे 1 मिली, छापील आकारमानावर विसंबू नका). सिरिंजमध्ये उरलेली मात्रा, तिच्या वेळेसह, वजा केलेली होती. उरलं घड्याळ.

हॉट लॅबचा (किरणोत्सारी मात्रा तयार करून मोजतात त्या खोलीचा) संगणक नेटवर्कवर नव्हता आणि स्कॅनरच्या कन्सोलपेक्षा जवळपास 7 मिनिटं पुढे गेला होता. एफ-18चं अर्धायुष्य 109.8 मिनिटं, 7 मिनिटांत साडेचार टक्के फरक पडतो. मात्रा मोजल्याची वेळ उशिराची नोंदली गेली, की स्कॅनरला मधला ऱ्हास कमी वाटतो, फँटममध्ये आहे त्यापेक्षा जास्त मात्रा धरली जाते आणि एसयूव्ही खाली येते. जर्मेनियमचं अर्धायुष्य सुमारे 271 दिवस, त्याला 7 मिनिटांनी काहीच होत नाही. म्हणून रोजची क्यूसी ही चूक कधीच पकडणार नव्हती.

गॅलियम-68चं अर्धायुष्य तर अवघं 68 मिनिटं. तिथे त्याच 7 मिनिटांनी 7 टक्के जातात. एफ-18वर पुन्हा कॅलिब्रेशन करून गॅलियमच्या पीएसएमए (प्रोस्टेटचा कर्करोग) आणि डोटाटेट (न्यूरोएंडोक्राइन गाठी) स्कॅनमधली चूक पूर्ण भरून निघालीच नसती. डोव्हिलमध्ये (लिम्फोमाच्या स्कॅनला गुण देण्याची पद्धत) त्याच स्कॅनमधल्या यकृताशी तुलना असते, त्यामुळे तिथे ही चूक कटते. पर्सिस्टमध्ये (उपचाराने गाठ किती निवळली हे ठरवायचे निकष) 30 टक्के घट मोजायची असते आणि दोन स्कॅनमध्ये महिने गेलेले असतात, तिथे कटत नाही.

दोन्ही घड्याळं जुळवल्यावर, कॅलिब्रेशनला हात न लावता, एसयूव्ही परत 1.00 आली. याचं समाधान मोठं होतं.

आता रोज सकाळी हॉट लॅब, कन्सोल आणि इंजेक्शनच्या खोलीतलं घड्याळ यांची वेळ क्यूसीच्या वहीत शेजारी-शेजारी लिहावी. एक मिनिटापेक्षा जास्त फरक चालवून घेऊ नये.

आणखी एक, जर्मेनियमचा फँटम महिन्याला सुमारे 7 टक्के उतरतो आणि वर्षाने 39 टक्क्यांच्या आसपास उरतो. नवा मागवायला परवानग्या आणि आयात यांत वेळ जातो, शिवाय जुना परत पाठवायची व्यवस्थाही लागते, तेव्हा अर्ज लवकर करा. नवा आला की प्रमाणपत्रातली मात्रा आणि संदर्भ तारीख कन्सोलवर दोघांनी मिळून तपासा. रात्री एसी बंद करू नका. तापमान बदललं की डिटेक्टरचा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते प्रमाण) सरकतो आणि 511 केईव्हीचं शिखर (पेट मोजतं त्या किरणांची ऊर्जा) हलतं. गँट्री (स्कॅनरचा गोल भाग, ज्यात डिटेक्टर असतात) उघडून दुरुस्ती झाली असेल, तर पेट आणि सीटीची जुळणी तपासल्याशिवाय पहिला रुग्ण घेऊ नका.