धाप लागलेला पोपट: औषधाआधी ऊब

पिंजऱ्यातून सोडवून आणलेला पोपट शिंकतोय, नाक गळतंय असं दिसलं की लोक पहिलं काय करतात? पोल्ट्रीच्या दुकानातून एन्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची (अँटिबायोटिकची) बाटली आणतात आणि थेंब-दोन थेंब चोचीत सोडतात. जरा हिशेब करून बघा. ते द्रावण असतं 10 टक्क्यांचं, म्हणजे 1 मि.लि.मध्ये 100 मि.ग्रॅ. औषध. थेंब 0.05 मि.लि.चा धरला तर त्यात 5 मि.ग्रॅ. आले. आपला राघू भरतो 120 ग्रॅमच्या आसपास. त्याला पशुवैद्य सहसा किलोमागे 15 मि.ग्रॅ.ने देतात, म्हणजे एका वेळी 1.8 मि.ग्रॅ. एकाच थेंबात जवळजवळ पावणेतीनपट डोस गेला. शिवाय ते द्रावण चांगलंच अल्कधर्मी असतं, पातळ न करता दिलं तर तोंड-घसा पोळतं. आणि आजार बुरशीचा निघाला तर त्याचा काडीचा उपयोग नाही, उलट बुरशीला रान मोकळं.

बाटली राहू दे बाजूला. पहिल्या दिवशी पोपटाला हवी ऊब, अंधार आणि शांतता.

मोठा पिंजरा नको. झाकणाला भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा किंवा लहान कॅरिअर घ्या. तळाला पेपर नॅपकिन, दांडी तळापासून जेमतेम दोन-तीन बोटं वर. अशक्त पक्षी दांडीवरून पडतो आणि पडला की आणखी दमतो. डब्याच्या बाहेर, एकाच बाजूला 40 वॅटचा पिवळा बल्ब लावा. रात्री त्याच्या उजेडाने झोप मोडते, तेव्हा उजेड न देणारा सिरॅमिक हीटर मिळाला तर उत्तम. थर्मामीटर पोपट बसतो त्या उंचीला ठेवा आणि पारा 29 ते 32 अंशांत राहू द्या. दुसरी बाजू गार हवीच, नको वाटलं तर त्याला सरकता आलं पाहिजे. पिसं फुगवून बसला तर थंडी वाजतेय. पंख अंगापासून लांब धरून चोच उघडली तर उकडतंय. सांगलीत एप्रिल-मेच्या दुपारी बल्बची गरजच नसते, उलट पत्र्याच्या खोलीत पोपट भाजून निघेल. डिसेंबरच्या पहाटे मात्र बल्ब गेला तर पंचाईत, लाईट जाते हे धरूनच गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तयार ठेवावी.

श्वास मोजायचा तो लांबून. मोबाईल टेकवून अर्धा मिनिट व्हिडिओ काढा आणि नंतर मोजा. स्वस्थ बसलेला राघू मिनिटाला साधारण 40 ते 50 श्वास घेतो. आकड्यापेक्षा शेपटी जास्त सांगते. प्रत्येक श्वासाला शेपटी खाली-वर होत असेल तर त्याला श्वासासाठी जोर लावावा लागतोय. चोच उघडी ठेवून श्वास चालला असेल तर घरगुती काळजीची वेळ गेली, त्याला ऑक्सिजन लागणार. आवाज अचानक घोगरा झाला किंवा बंदच झाला, तर श्वासनलिकेत बुरशीची गाठ असू शकते. तेही थांबण्याचं काम नाही.

पकडताना सगळ्यात जास्त घात होतो. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, नसतं. फुप्फुसं बरगड्यांना चिकटून जागच्या जागी राहतात, हवा खेळवतात त्या 9 वायुपिशव्या, आणि त्या चालतात छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच. छातीवर मूठ आवळली की श्वास थांबलाच. म्हणून हलका नॅपकिन टाकून मागून धरा, अंगठा आणि बोट जबड्याच्या दोन्ही बाजूंना, छाती मोकळी. औषध, वजन, नाक पुसणं हे सगळं एकाच वेळी उरका. सोडल्यावर पाचेक मिनिटांत श्वास पूर्ववत झाला नाही तर त्या दिवशी पुन्हा हात लावू नका.

वाफ देऊ नका. पातेल्यातली वाफ नाकापुढे जात नाही आणि चटका मात्र बसतो. कापूर, निलगिरी, बाम यांचा तर वासही नको. उपयोगी पडतो तो नेब्युलायझर, म्हणजे द्रवाची बारीक फवार करणारं यंत्र, मिरजेच्या कुठल्याही सर्जिकल दुकानात मिळणारा कॉम्प्रेसरचा साधा. कपात 3 मि.लि. नॉर्मल सलाईन (0.9 टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी), नळी डब्याच्या एका भोकात, समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला दुसरं भोक. 10 ते 15 मिनिटं, दिवसातून दोनदा-तीनदा. घरी मीठ कालवलेलं पाणी घालू नका. डॉक्टरांनी त्यात औषध घालायला सांगितलं तर खोलीबाहेर उभे राहा. कप आणि नळी दर वेळी धुऊन कोरडी झाली पाहिजे, ओल्या नळीत जंतू वाढतात आणि ते थेट वायुपिशव्यांत जातात.

रोज सकाळी खाण्याआधी ग्रॅमच्या काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. पिसांमुळे पोपट गुबगुबीत दिसतो आणि आत छातीचं हाड सुरीसारखं वर आलेलं असतं. 120 ग्रॅमचा 108 वर आला म्हणजे 10 टक्के गेले, डॉक्टरांना फोन करा. खात नसेल तर भरवणीचं पीठ (पिल्लांना हाताने भरवतात ते तयार पीठ) 39-40 अंशांना, पातळ, सुरुवातीला एका वेळी 3 मि.लि.; 43 च्या वर गेलं तर अन्नपिशवी भाजते. मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच गरम करू नका, आत एखादा घास उकळता राहतो. धाप लागलेल्याला चोचीत काहीही ओतू नका. ते श्वासनलिकेत गेलं की सर्दीचा न्यूमोनिया होतो. पिण्याच्या पाण्यात औषध घालण्याचाही फायदा नाही. आजारी पोपट पाणीच कमी पितो, चव बदलली की तेही सोडतो.

आता मुळाकडे. आपल्याकडे मिठूला वर्षानुवर्षं मिरची, शेंगदाणे आणि भिजवलेली डाळ एवढंच मिळतं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की नाक-घशाचं अस्तर जाड आणि कोरडं होतं, आणि मग जंतूंना दार उघडं. पिकलेली पपई, लाल भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला, कोथिंबीर रोज थोडं द्या; अ जीवनसत्त्वाचे थेंब मनाने नकोत, जास्त झालं तर विषबाधा होते. शेंगा टरफलासकट आणि ओलसर मका बंद, त्यांच्यावरची बुरशीच फुप्फुसात जाते. धुराचं तर विचारू नका: उदबत्ती, धूप, मच्छरची कॉइल, फोडणी. हळद पॉलिश होत असलेल्या आवाराशेजारी, किंवा गावाबाहेर उसाचं पाचट पेटलेलं असताना खिडकीत पिंजरा टांगायचा नाही. नॉनस्टिक तवा तापून जळला तर त्याच्या वाफेने पोपट काही मिनिटांत मरतो.

सिटॅकोसिस हा पोपटांचा जंतुसंसर्ग माणसालाही होतो, हे नवख्यांना कुणी सांगत नाही. विष्ठेतला पांढरा भाग पिवळट-हिरवा, डोळे चिकटलेले, पक्षी मलूल, असं असेल तर स्वॅबची पीसीआर तपासणी मागा. एक निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका, जंतू रोज बाहेर पडतातच असं नाही. उपचार डॉक्सिसायक्लिनचा आणि तो सहसा 45 दिवस. दहाव्या दिवशी पोपट शिट्टी घालायला लागतो आणि लोक औषध सोडतात, तिथेच फसतं. औषध चालू असेपर्यंत समुद्रफेस आणि कॅल्शिअमचे थेंब बंद, कॅल्शिअम औषधाला बांधून ठेवतं. पिंजऱ्यातला कागद आधी पाण्याने भिजवून मग गुंडाळा, एन-95 मास्क लावून. कोरडा झाडला की धूळ आपल्याच छातीत. घरात कुणाला ताप आणि कोरडा खोकला आला तर डॉक्टरांना पोपटाचं आधी सांगा.

पक्षी बघणारा डॉक्टर शोधताना एवढंच विचारा: ग्रॅमच्या काट्यावर वजन करता का? नाही म्हणाले तर पुढचं दार. शेजारच्या सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अवघड केस असेल तर तिथे विचारता येतं. आणि देशी पोपट, मग तो राघू असो की करण पोपट, घरात ठेवणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. सुटका केलेला पक्षीही वन विभागाला कळवूनच ठेवायचा, हेल्पलाईन 1926. नवा आलेला पोपट इतरांपासून वेगळ्या खोलीत किमान 30 ते 45 दिवस, भांडी आणि फडकी वेगळी, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी. पिंजरा आधी साबणाने घासून मग लिटरमागे 30 मि.लि. ब्लीचच्या पाण्यात 10 मिनिटं बुडवा, धुऊन उन्हात वाळवा. ब्लीचचं काम उघड्यावर करायचं, पोपट दुसऱ्या खोलीत.