तीस जनवरी मार्गावरची एक दुपार: साक्षीदार, पायऱ्या आणि आजीची एसटी

माझी आजी नेहमी सांगायची की गांधीजी गेल्याची बातमी आमच्या गावात एसटीच्या कंडक्टरने आणली. सातारा जिल्ह्यातलं छोटं गाव, आजी तेव्हा चौदा वर्षांची, विहिरीवरून येत होती, गाडी थांबली, कंडक्टर खाली उतरला आणि डोक्यावरची टोपी काढून म्हणाला की बापूंना मारलं. त्यानंतर दोन दिवसांनी अठ्ठेचाळीसची जाळपोळ, मारणारा ब्राह्मण म्हणून ब्राह्मणांची घरं पेटवली गेली, त्यात आमचा वाडा गेला, तो भाग ती फार बोलायची नाही, पण कंडक्टरची टोपी मात्र दर वेळी यायचीच. तिच्या धाकट्या भावाचं म्हणणं वेगळं, बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत मास्तरांनी सांगितली, गाडी-बिडी काही नाही. दोघं ऐंशी पार झाले तरी यावरून भांडायचे.

मग कधीतरी मला कळलं की एसटीची पहिली गाडी धावली १ जून १९४८ ला, पुणे ते अहमदनगर, म्हणजे हत्येनंतर चार महिने होऊन गेले होते. आजी खोटं बोलणारी बाई नव्हती. तेव्हापासून माझ्या डोक्यात हा विषय पक्का बसला, आणि या जानेवारीत दिल्लीला जायचं ठरलं तेव्हा मी घरच्यांना सांगितलं की एक अख्खा दिवस मला बिर्ला हाउसला, म्हणजे गांधीजींना मारलं त्या जागेला पाहिजे, कुतुबमिनार नाही बघितला तरी चालेल. मी, नवरा, अकरावीतली मुलगी आणि माझे बाबा असे चौघं गेलो.

आधी जाण्याचं सांगते. जुनं बिर्ला हाउस म्हणजे आता गांधी स्मृती, रस्त्याचं नाव तीस जनवरी मार्ग, तेव्हा तो अल्बुकर्क रोड होता. मेट्रोने यलो लाइनवर लोक कल्याण मार्ग स्टेशनला उतरा, तिथून रमतगमत वीसेक मिनिटं चालायचं, रस्ते रुंद आणि झाडांचे आहेत. रिक्षा केली तर नुसतं 'गांधीजींचं ठिकाण' म्हणू नका, आम्हाला एका रिक्षावाल्याने सरळ राजघाटाच्या दिशेने काढलं होतं, अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं. 'गांधी स्मृती, तीस जनवरी मार्ग' असं पूर्ण सांगा. प्रवेश फुकट आहे. सोमवारी बंद. सकाळी दहाला उघडतं आणि पाचच्या सुमाराला बंद होतं, म्हणजे ज्या वेळेला ते घडलं त्या पाच वाजून सतरा मिनिटांनी तुम्हाला तिथे उभं राहता येत नाही, हे मला जाईपर्यंत लक्षातच आलं नव्हतं आणि फार वाईट वाटलं. खास ३० जानेवारीला जायचं मनात असेल तर त्या दिवशी तिथे प्रार्थनासभा असते, मोठमोठे लोक येतात, बंदोबस्त असतो, निवांत बघणं होणार नाही. दोन-तीन दिवस आधी किंवा नंतर जा. जानेवारीत दिल्लीला सकाळी धुकं आणि थंडी भयंकर, म्हातारं माणूस बरोबर असेल तर दुपारी बाराच्या पुढेच निघा.

आत गेल्यावर बहुतेक लोक आधी म्युझियममध्ये घुसतात, फोटो आणि पाट्या वाचत तासभर जातो आणि मग पाय दुखायला लागल्यावर मागच्या हिरवळीवर पाच मिनिटं जातात. माझं सांगणं, उलटं करा. आधी गांधीजींची खोली बघा, जिथे ते ९ सप्टेंबर १९४७ पासून शेवटपर्यंत १४४ दिवस राहिले. अगदी मोजकं सामान आहे. तिथून बाहेर पडलं की त्यांच्या शेवटच्या चालण्याच्या वाटेवर पावलांचे ठसे उठवलेले आहेत, एकेक पाऊल, बागेतून पुढे प्रार्थनेच्या मैदानापर्यंत, आणि जिथे ते थांबतात तिथे हुतात्मा स्तंभ. ठशांच्या बाजूने हळू चाला, घाई करू नका. ते त्या दिवशी घाईत होते. सरदार पटेल चार वाजता भेटायला आले होते, बोलणं लांबलं, प्रार्थना पाचची आणि खोलीतून निघायलाच दहा मिनिटं उशीर झाला. एका खांद्याला मनु, एका खांद्याला आभा, दोघी त्यांच्या नात्यातल्या मुली, वाटेत आभाशी थट्टा चालली होती.

मी बरोबर काही कागद प्रिंट काढून नेले होते, तुम्हीही न्या, मोबाइलवर उन्हात वाचता येत नाही. पहिला कागद म्हणजे तुघलक रोड पोलीस ठाण्यात नोंदवलेली फिर्याद. मूळ उर्दूत आहे, भाषांतरं सहज मिळतात. फिर्यादी नंदलाल मेहता, तिथेच हजर होते, आणि त्याच संध्याकाळी लिहिलेली, म्हणजे याहून ताजी साक्ष कुठली असणार. तरी त्यात मनुचं नाव 'सन्नो' पडलंय आणि नथुराम गोडसेचं नाव 'नारायण विनायक गोडसे'. माझे बाबा जिल्हा कोर्टात चाळीस वर्षं कारकून होते, ते वाचून म्हणाले, "अगं, हे तर रोजचं आहे. घाबरलेला माणूस सांगतो, दुसरा घाईत लिहितो. नाव चुकलं म्हणून माणूस तिथे नव्हता असं होत नाही."

मग स्तंभापाशी उभं राहून आम्ही एकेक मुद्दा घेतला.

शेवटचे शब्द. स्तंभावर 'हे राम' आहे, राजघाटच्या काळ्या संगमरवरावर 'हे राम' आहे, शाळेत आपण तेच शिकलो. मनुबेनने तेच लिहून ठेवलंय. पानिपतचे व्यापारी सरदार गुरबचन सिंग तिथे होते, त्यांनी कोर्टात 'हे राम' ऐकल्याचं सांगितलं. फिर्यादीत मात्र शब्द आहेत 'राम राम'. गोडसेच्या बाजूने कायम सांगितलं जातं की नुसतं 'आह' होतं. आणि गांधीजींचे सचिव कल्याणम, ते मागेच होते, त्यांचं २००६ मध्ये छापून आलं की बापू 'हे राम' म्हणालेच नाहीत, नंतर त्यांनी खुलासा केला की मी ऐकलं नाही एवढंच, त्या गोंधळात कोणालाच काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. 'म्हणाले नाहीत' आणि 'मी ऐकलं नाही' या दोन वाक्यांत केवढं अंतर आहे, पण लोक पहिलंच उचलतात.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सगळ्यात जवळचा साक्षीदार कोण, तर मनु. ती तर खांद्याखालीच होती. पण तिचीच हकिगत नीट वाचा. समोरून एक माणूस हात जोडून पुढे आला, पाया पडणार असं वाटून तिने त्याला अडवलं, आधीच उशीर झालाय असं काहीतरी म्हणाली, त्याने तिला ढकललं, हातातली माळ, पिकदाणी, वही खाली पडली आणि ती उचलायला वाकली. गोळ्या त्याच क्षणी सुटल्या. म्हणजे सगळ्यात जवळच्या माणसाची नजर त्या क्षणाला जमिनीवर होती. हे मी घरी चार वेळा वाचलं होतं आणि कधी उमगलं नव्हतं, तिथे त्या जागेवर मुलीने सहज वाकून दाखवलं तेव्हा एकदम समजलं. वाकलेल्या माणसाला समोरच्याचे फक्त पाय दिसतात.

तिसरा, गोडसेला पकडलं कोणी. यावर तर एकमत होणंच अवघड आहे. न्यूयॉर्क टाइम्सने लिहिलं की अमेरिकन वकिलातीतले एक तरुण उपवाणिज्यदूत, त्यांनी झडप घालून पकडलं, आणि त्यांचं नाव दिलं टॉम रायनर, खरं नाव हर्बर्ट रायनर. आपल्याकडच्या हकिगतींत येतात हवाई दलाचे देवराज सिंग. आणि बिर्ला हाउसचे ओडिशाचे माळी रघु नायक, ज्यांना पुढे राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पाचशे रुपयांचं बक्षीस दिलं. गोडसेचं म्हणणं त्याने स्वतःच हात वर करून पोलिसांना हाक मारली. मला आधी वाटायचं यातला एकच खरा असणार. आता वाटत नाही. पिस्तूल धरलेल्या माणसावर एका वेळी तीन-चार जण तुटून पडले तर प्रत्येकाच्या हातात त्याचा कुठला ना कुठला भाग येणारच, आणि मागच्याला फक्त एकच पाठ दिसणार.

हे सगळं बोलत असताना तिथे शाळेची सहल आली, साठ-सत्तर मुलं असतील, आणि एक मुलगा स्तंभाच्या कठड्यावर चढायला गेला तसं त्याला कोणीतरी दप्तराला धरून मागे ओढलं. दोन सेकंदांचा प्रकार. रात्री जेवताना मी सहज विचारलं, त्या मुलाला ओढलं कोणी? नवरा म्हणाला गार्डने, शिट्टीपण मारली. मुलगी म्हणाली शिट्टी नव्हतीच, बाई ओरडल्या आणि बाईंनीच ओढलं. बाबा ठाम की त्याच्याच बरोबरीच्या मुलाने ओढलं, निळा स्वेटर. मला गार्ड आठवतो, पण तो ओढताना नाही, नंतर शेजारी उभा असलेला. चौघं दहा फुटांच्या आत होतो, सहा तास झाले होते, कोणाला कोणाचं काही लपवायचं नव्हतं. जेवण निवेपर्यंत वाद चालला.

आता गोळ्या. फिर्यादीत तीन, कोर्टात तीन. चौथी गोळी आणि दुसरा मारेकरी होता असा दावा करून प्रकरण पुन्हा उघडावं म्हणून सुप्रीम कोर्टात याचिका झाली होती, कोर्टाने ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना सगळं तपासायला सांगितलं, त्यांनी गरज नाही असा अहवाल दिला आणि मार्च २०१८ मध्ये याचिका फेटाळली गेली. मला हे स्पष्ट लिहायचंय कारण साक्षींतल्या अशा फटी दाखवून काही लोक हळूच असं सुचवतात की मुळात सगळंच संशयास्पद आहे. अजिबात नाही. सन्नो की मनु, राम राम की हे राम, माळी की रायनर, यातलं काहीही धरा, पिस्तूल कोणाच्या हातात होतं यावर तिथल्या एकाही माणसाचं दुमत नाही, खुद्द गोडसेचंसुद्धा नाही. लाल किल्ल्यातल्या खास कोर्टात सरकारतर्फे १४९ साक्षीदार झाले, १० फेब्रुवारी १९४९ ला निकाल लागला. फटी कडेच्या आहेत, मधला दगड हललेला नाही.

आणि चुकीच्या साक्षीने त्या संध्याकाळी काय होऊ शकलं असतं तेही वाचून जा. गव्हर्नर जनरल माउंटबॅटन पोचले तेव्हा गर्दीतून कोणीतरी ओरडलं की मारणारा मुसलमान होता. त्यांना स्वतःलाही तेव्हा खात्री नव्हती, तरी त्यांनी तिथल्या तिथे ठणकावून सांगितलं की हिंदू होता. सहा वाजता रेडिओवर बातमी गेली तीसुद्धा हे स्पष्ट करून. फाळणीला सहा महिने झाले नव्हते, दिल्ली निर्वासितांनी भरलेली. त्या एका आरोळीवर किती मुडदे पडले असते. आणि मग मारणारा पुण्याचा ब्राह्मण असल्याचं कळलं तेव्हा आमच्याकडे काय झालं ते आमच्या वाड्याला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी राजघाट आणि त्याच्या समोरचं राष्ट्रीय गांधी संग्रहालय केलं, व्हायलेट लाइनवर दिल्ली गेट स्टेशन पडतं. संग्रहालयात रक्ताचे डाग असलेलं त्यांचं कापड आणि एक गोळी ठेवलेली आहे. तेही सोमवारी बंद, तेव्हा दिल्लीत सोमवार मध्ये येत असेल तर तो दिवस दुसरीकडे घाला, लाल किल्लाही सोमवारी बंदच असतो. लहान मुलं असतील तर कापडापाशी जाण्याआधी त्यांना सांगून ठेवा. माझी मुलगी सोळा वर्षांची असून गप्प झाली.

दोन्ही ठिकाणं एका दिवसात कोंबू नका. बिर्ला हाउसला किमान तीन तास द्या, त्यातला एक तास नुसता हिरवळीवर. पाणी बरोबर ठेवा. जाण्याआधी मनुबेनची हकिगत आणि फिर्याद एवढं तरी वाचा, आणि बरोबरच्यांना संध्याकाळी वेगवेगळं विचारा काय काय दिसलं ते.

परतीच्या गाडीत बाबांनी एक सांगितलं जे मला माहीत नव्हतं. आमच्या गावाला सत्तेचाळीसच्या आधीपासून एका खासगी मालकाची मोटार येत होती, दिवसातून एकदा, संध्याकाळी. एसटी आल्यावर त्याच रस्त्याने, त्याच वेळेला एसटी यायला लागली. म्हटलं मग आजीने बघितलेला माणूस होता तर. बाबा म्हणाले, "माणूस असेल. टोपी पण असेल. गाडीचा रंग तेवढा नंतरचा."