बस्तरच्या बाजारातली चापडा चटणी, म्हणजे आपले हुमले!

लहानपणी आंब्यावर चढलो की हुमले, म्हणजे झाडावर पानांची घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, डसायचे, आणि ते नुसते चावत नाहीत तर चावलेल्या जागी ॲसिड सोडतात म्हणून ती चरचर. कोकणातल्या प्रत्येकाला माहितीये. तेच हुमले कोणी पाट्यावर वाटून खातं हे मला छत्तीसगडमधल्या बस्तरला जाईपर्यंत खरंच माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत गेलो होतो. नागपूरवरून रायपूर, तिथून कांकेर, केशकाल घाट, कोंडागाव करत जगदलपूर. रायपूरपासूनच तीनशे किलोमीटर आहे, पण घाटानंतर सालाचं जंगल लागतं आणि मग प्रवास जाणवत नाही. सगळे इंद्रावतीवरचा चित्रकोट धबधबा बघायला जातात, मीही गेलो, छानच आहे, पण मला सांगायचंय ते जगदलपूरजवळच्या तोकापालच्या सोमवारच्या बाजाराबद्दल.

आठवडी बाजार म्हणजे आपल्यासारखाच, सुकी मासळी, मिरच्या, मडकी, कोंबड्या. एका कडेला बायका पानांचे दोने मांडून बसलेल्या आणि दोन्यात लालसर तांबूस मुंग्या, मध्ये तांदळासारखी पांढरी अंडी आणि अळ्या. वीस रुपयाला दोना. मावशी हल्बीत, म्हणजे तिकडच्या बोलीत, बोलत होत्या. हल्बीत मराठी बरीच मिसळलेली आहे, त्यामुळे ऐकताना मध्येच एखादा शब्द एकदम घरचा वाटतो, बाकीचं माझ्यासोबतचा गाडीवाला दादा हिंदीत सांगत होता.

त्यांनी सांगितलं की पहाटे गारठ्यात जायचं, तेव्हा मुंग्या सुस्त असतात, घरट्यासकट फांदी तोडून पोत्यात झटकायची. तरी हात भाजल्यासारखे होतातच, त्यांच्या मनगटावर बारीक लाल ठिपके दिसत होते. आणि ती घरटी कशी बनतात माहितीये का? मुंग्या रांगेने पानं ओढून धरतात आणि दुसऱ्या मुंग्या तोंडात अळी धरून धोट्यासारखी इकडून तिकडे फिरवतात, अळीच्या रेशमाने पानं शिवली जातात. मी आयुष्यभर ती घरटी बघत आलो आणि हे कधी नीट बघितलंच नाही याचं मला वाईट वाटलं.

संध्याकाळी जिथे उतरलो होतो त्या घरच्या ताईंनी चटणी केली. हिरवी मिरची, लसूण, आलं, मीठ आधी वाटून घेतलं, मग मुंग्या टाकल्या, आणि पहिल्या दोन-तीन घावातच लिंबाची साल चुरडल्यासारखा वास सुटला. चव आंबट, झणझणीत, मग मागून थोडी तुरट, अंड्यांमुळे किंचित मऊ. आंबटपणा फॉर्मिक ॲसिडचा, त्यामुळे त्यात चिंच लिंबू काही लागत नाही. मंडियाच्या पेजेबरोबर, म्हणजे नाचणीच्या, खाल्ली आणि दोनदा मागून घेतली. सोबत सल्फी होती, म्हणजे तिकडची ताडीसारखी, ती ज्या झाडाची तो आपला भेर्ली माड. तिथे घरात कोणाला ताप आला की मुंग्यांकडून अंगाला चावून घेतात असंही ताईंनी सांगितलं, त्यांचा त्यावर पूर्ण विश्वास आहे.

एक गोष्ट मात्र खटकली. बाजारात काही टुरिस्ट त्या बायकांच्या तोंडावर मोबाईल धरून ई ई करत होते आणि एकानेही विकत घेतलं नाही. पहाटे उठून हात पोळवून आणलेला माल आहे तो! जगात साधारण दोन अब्ज लोक कीटक खातात असं एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने, 2013 च्या अहवालात लिहिलंय, खाल्ल्या जाणाऱ्या जाती 1900 च्या वर. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच काई चटणीला 2024 मध्ये जीआय टॅगही, म्हणजे भौगोलिक मानांकनही, मिळाला. लांब कशाला, आपल्या गडचिरोलीत भामरागडकडे माडिया लोक हेच खातात, आणि आपण सुका जवळा डोळ्यांसकट चावून खाणारी माणसं.

मार्चमध्ये घरी गेलो तेव्हा परसातल्या काजूवर तीन घरटी होती. आईला सगळं सांगितलं, ती शांतपणे ऐकत होती, नाक मुरडलं नाही. फक्त म्हणाली, काजू उतरेपर्यंत हात लावू नकोस हां, हुमले असले की ढेकण्याची कीड कमी लागते. मग मी पाटा तेवढा धुवून ठेवला.