शिकागोची हिरवी नदी आणि आजोबांचा क्वार्टरबॅक

नेपरव्हिलला ताईकडे तीन आठवडे राहिले. त्यातले बरेचसे दिवस मॉलमध्ये आणि ‘तिकडे ऊन किती पडलंय’ या चौकशीत गेले.

१६ मार्च २०२४ ला मात्र भाच्याबरोबर लोकल पकडून शिकागो गाठलं. सेंट पॅट्रिक्स डे या आयरिश सणासाठी तिथे नदी हिरवी करतात. प्लंबर मंडळींची युनियन १९६२ पासून हे काम करते. पूड म्हणे नारिंगी असते, पाण्यात पडली की हिरवी होते. मला दिसल्या पुढच्यांच्या पाठी, आणि टाचा उंचावल्यावर पोपटी पाण्याची एक पट्टी. लक्ष्मी रोडवर विसर्जनाची मिरवणूक पाहिलेल्या बाईने गर्दीबद्दल कुरकुरू नये, पण तिथे निदान कुणीतरी "काकू, या पुढे" म्हणतं.

खरी मिरवणूक निघाली पिझ्झाच्या दुकानात. शिकागोचा तो खोलगट पिझ्झा भाजायला पाऊण तास लागतो. आमच्याच लांब टेबलावर एक आजोबा आणि त्यांची नात. भाच्याच्या अंगावर बेअर्सची, म्हणजे शिकागोच्या अमेरिकन फुटबॉल संघाची, एक नंबरची जर्सी बघून आजोबांनी विचारलं, "काय, ठेवायचा का तुझा फील्ड्स?"

झालं.

फील्ड्स हा बेअर्सचा क्वार्टरबॅक, आणि क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातून चाली सुरू होतात तो, एवढं भाच्याने मला पढवलं होतं. कॉलेजातली नवी पोरं निवडताना आयपीएलसारखी बोली नसते. सगळ्यांत वाईट हरलेला संघ पहिला हात घालतो. बेअर्सनी तर सतरापैकी सात सामने जिंकलेले, मग पहिला नंबर यांचा कसा? आदल्या वर्षी यांनी आपला नंबर कॅरोलायनाला देऊन त्यांचा पुढच्या वर्षीचा मागून घेतला होता. कॅरोलायना जिंकली दोन सामने. त्यांचं दिवाळं, यांची दिवाळी.

नातीला हवा होता केलेब विल्यम्स, कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइजमनचा २०२२ चा विजेता. भाचा फील्ड्सला सोडायला तयार नव्हता. २०२२ मध्ये त्याने नुसतं धावून ११४३ यार्ड काढले, त्याच्याभोवती धड माणसंच दिली नाहीत, तो पहिला नंबर विका आणि माणसं आणा! आजोबांचा विश्वास कुणावरच नाही. २०१७ मध्ये बेअर्सनी जास्तीचं मोल देऊन तिसऱ्या नंबरवरून दुसऱ्यावर येत मिचेल ट्रुबिस्कीला घेतलं, आणि पॅट्रिक माहोम्स दहाव्या नंबरपर्यंत शिल्लक होता. तो आता कॅन्सस सिटीत तीन सुपर बोल, म्हणजे हंगामाच्या अंतिम लढती, जिंकून बसलाय. वडिलोपार्जित जमीन भावाने लाटावी तसा आजोबांचा सूर. एका हंगामात चार हजार यार्ड फेकणारा क्वार्टरबॅक बेअर्सना आजवर मिळालेला नाही. बाकी एकतीसही संघांना मिळालाय.

"आणि हा विल्यम्स नखं रंगवतो. नोव्हेंबरात हरला तर प्रेक्षकांत जाऊन आईच्या गळ्यात पडून रडला."

नातीने आपली हिरवी नखं त्यांच्या नाकासमोर नाचवली.

मग आजोबा माझ्याकडे वळले. "तुम्ही कुणाला घ्याल?" खेळ कळत नव्हता, पण सदाशिव पेठेत वाढलेल्याचं त्यावाचून अडत नाही. म्हटलं, "तो रडणारा घ्या. हरल्याचं त्याला लागतंय तरी."

भाच्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घर विकून आलेय. आजोबा मात्र काही बोलले नाहीत. त्यांचा पिझ्झा आधी आला होता. त्यातला मोठा तुकडा उचलून माझ्या ताटलीत ठेवला. "सॉसेज आहे, चालेल ना?"

शनिवार होता. खाल्लं. ताईला अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी परतीच्या गाडीत भाच्याचा फोन थरथरायला लागला. फील्ड्स पिट्सबर्गला दिला. बदल्यात पुढच्या वर्षीची सहाव्या फेरीतली एक निवड, फार खेळला तर चौथ्या फेरीतली. भाच्याने काही न बोलता जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. डब्यात चांगलं उकडत होतं, तरी नेपरव्हिल येईपर्यंत ती तशीच.