झांजेतला कापूस

दुपारी दोन वाजता गाव मेल्यासारखं पडलेलं असतं. चैत्र संपत आलेला. पंखा वरची गरम हवा खाली ढकलतो, एवढंच त्याचं काम. अशा वेळी मी मागच्या खोलीचं दार लावून खंजिरीच्या झांजांमध्ये कापूस कोंबत बसलो होतो.

खंजिरी चोरून शिकता येत नाही, हीच तिची मोठी खोड. तबल्यावर पंचा टाकता येतो, पेटीचा भाता हळू दाबता येतो. खंजिरी नुसती उचलली तरी बोलते. माझा डावा हात तर तिला धरताच थरथरायला लागतो, त्यामुळे उजव्या हाताची पहिली थाप पडायच्या आधीच झांजांनी गल्लीभर सांगितलेलं असतं की भाऊ बसले. की लगेच कुंपणापलीकडून आवाज येतो, "कुठलोक आलं जी?"

ह्या 'कुठवर आलं'चा मला लहानपणापासून राग आहे. आमच्याकडे माणूस वाईट नसतो, पण विचारल्याशिवाय राहत नाही. विहीर खणायला घेतली आणि तीन फूट माती निघाली, की धुऱ्यावरून जाणारा थांबतो. "पाणी लागलं काय?" अरे बाबा, तीन फुटावर पाणी लागलं असतं तर खणली कशाला असती? म्हणून मी सुरुवाती लपवतो. चाळिशीत स्कूटर शिकलो ती दुसऱ्या गावच्या गोदामामागे. घरी बायकोला कळलं ते चार दिवसांनी, गुडघा पाहून. आजीचं बरं होतं. कोंबडी अंड्यांवर बसवली की वर टोपलं झाकायची आणि एकवीस दिवस आम्हाला त्या खोलीत पाय टाकू द्यायची नाही. मला तसं टोपलं कुणी दिलं नाही. कापूस मात्र घरात भरपूर होता, भाव येईल म्हणून डिसेंबरापासून रचून ठेवलेला. भाव आला नाही, अंगाला खाज आली. त्यातलाच मूठभर घेतला.

सरकी काढून बोंडातला कापूस चिमटीत पिळत होतो, झांजेच्या फटीत बसेल इतका बारीक. पिळता पिळता तो सरळ दोऱ्यासारखा यायला लागला. बोटांनी ते माझ्या परवानगीशिवाय केलं. पन्नास वर्षं उलटली होती.

१९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिकवायच्या पद्धतीची, परिषद भरली. ती १९७३ पर्यंत चालत चालत आमच्या गावच्या शाळेत पोचली, तोवर तिच्या अंगावर फक्त टकळी उरली होती. आठवड्यातून दोन तास सूतकताई. मी पाचवीत. खाली पितळी चकती, वर लोखंडी काडी, डाव्या हातात पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी. काडीला गिरकी द्यायची आणि पेळू वर ओढायचा. सांगायला एवढंच. माझा धागा बोटभर व्हायचा आणि तुटायचा. टकळी दगडी फरशीवर पडायची, तिचा तो ठणठणाट, की चाळीस पोरं मागं वळून बघणार. शेजारची एक मुलगी खिडकीबाहेर निंबावरची पाखरं बघत कातायची. तिचा हात वर जायचा तो खांद्यापर्यंत.

तुटलं की मी गाठ मारायचो. गुरुजी एक दिवस उभे राहिले. "सुताले गाठ नाही मारत बे, सांधतेत." पेळूचे चार तंतू तुटल्या टोकावर ठेवून पीळ द्यायचा, हे त्यांनी दाखवलं. मग माझा धागा उजेडात धरला. "हे सूत नोहे, दावं होय. बैल बांध याले." वर्ग हसला. मीही हसलो, काय करता.

सूत गुंडाळायच्या फाळक्यावर एक फेरा म्हणजे एक तार, चार फूट. १६० तारांची लटी आणि ६४० तारांची गुंडी. त्या मुलीची दिवाळीपर्यंत गुंडी झाली. माझं सूत गुरुजींनी फाळक्यावर चढूच दिलं नाही. "तुकडे फेकू नको. आगपेटीत ठेव," एवढं म्हणाले. मी ठेवले. हजेरी लागते म्हणून ठेवले, त्यात काही शहाणपण आहे असं वाटलं नव्हतं. पोळ्याच्या सुमाराला आगपेटी उघडली तर तळाशी बोटबोट लांबीचे जाडे गठ्ठे, त्यावर वीत-वीत, आणि सगळ्यांत वर घडी करून बसवावा लागलेला एक हातभर. मी स्वतः एकही दिवस सुधारलो नव्हतो, हे मला पक्कं आठवतं. रोज तुटतच होतं.

ती आगपेटी आजीनं नेली. गठ्ठ्यांच्या वाती केल्या. देवाजवळ आणि गोठ्यात, दोन्हीकडे चालल्या. पुढं उन्हाळ्यापर्यंत माझं सूत बरं यायला लागलं, तेव्हा मी मोठ्या डौलात तिला दाखवलं. तिनं बोटात फिरवून पाहिलं आणि परत दिलं. "याची वात नाही होत."

तर खंजिरी. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले तेव्हा मी पाच वर्षांचा, म्हणजे मी काही ऐकलेलं नाही. पण इकडे घरोघरी त्यांचा फोटो आहे आणि फोटोत हातात खंजिरी आहे. फोटोत कुणी शिकाऊ दिसत नाही, ही फोटोंची अडचण. भजनी मंडळात मला शिकवणारं पोरगं बावीस वर्षांचं आहे, दिवसा मोबाईल दुरुस्त करतं. त्याचं एकच म्हणणं असतं, "काका, हात मोकळा सोडा." सुटला असता तर सोडला नसता का?

त्या संध्याकाळी प्रार्थनेला गेलो. दोन भजनं झाली. तिसऱ्याला पेटीवाल्यानं लय वाढवली तरी मी टिकलो, एवढं नक्की. उठताना पोरगं म्हणालं, "काका, आज काही खटकलं नाही."

घरी येऊन खंजिरी खुंटीला अडकवायला गेलो तर आवाज नाही. कापूस जिथल्या तिथं.

बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, हसता हसता लाटणं सुटलं. मग म्हणाली, एखादी तरी मोकळी करा. एका जोडीतला काढला. बाकीच्यांचं मृगापर्यंत पाहू.