वाडीतलं भजन पुन्हा कसं उभं राहील? तुम्ही विचारलंत म्हणून

"पंचवीसातली पंधरा घरं बंद, गणपती-शिमग्याला तेवढी कुलपं निघतात. जुनं भजन परत सुरू केलं तर वाडीला जाग येईल का?" कोकणातून हा प्रश्न दर सणानंतर येतो.

येईल, पण भजन मुंबईहून येणाऱ्यांच्या नव्हे, मागे राहिलेल्यांच्या गळ्यावर बसवलंत तर. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, आणि २०११च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. वाडीत गळे आहेत ते त्यांचे. मंडळ मात्र पुरुषांचं, आणि पखवाजही त्यांच्याच पट्टीत लावलेला.

घोडं अडतं ते इथे. पुरुष काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी 'सा' धरून, गात असतील तर बायकांचा आवाज साधारण काळी चारमध्ये मोकळा होतो. त्यांना काळी एकमध्ये ओढलं की खर्जात आवाज बसतो, वर चिरकतो, आणि चौथ्या आठवड्याला निम्म्या जणी येत नाहीत. नवा पखवाज घ्यायची गरज नाही. काळी चारला 'सा' धरला की त्याचा मध्यम, म्हणजे 'म', येतो नेमका काळी एकवर. तोच पखवाज मध्यमात वाजतो. गळे काळी पाचला खुलत असतील तर गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून शाई, म्हणजे उजव्या पानावरचा काळा लेप असलेली बाजू, काळी दोनला चढवा. फक्त भूप रागातल्या चाली सुरुवातीला बाजूला ठेवा. भूपात मध्यमच नाही, प्रत्येक थाप खटकते.

पखवाजाच्या डाव्या पानाला, म्हणजे डाव्या तोंडावरच्या चामड्याला, कणीक लागते. घट्ट मळलेला, लिंबाहून थोडा मोठा गोळा ओल्या बोटांनी मधोमध पसरायचा. थाप कोरडी, उंच वाटली तर चिमूटभर वाढवा. आवाज दबला तर काढा. भजन संपलं की त्याच रात्री ती खरवडून पान पुसायचं. राहिली तर वाळून चामडं ताठरतं, आणि वासाने उंदीर येतात ते वेगळंच. पावसाळ्यात पानं सैल पडतात म्हणून पखवाज चुलीपाशी ठेवणारे पुष्कळ. धग लागली की शाईला भेगा जातात.

पेटी वर्षभर माळ्यावर आणि गणपतीच्या आदल्या दिवशी खाली, ही तर कोकणची रीतच. दमटपणाने लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, स्वर (आवाज काढणाऱ्या धातूच्या पात्या) गंजतात, भात्याला भोक सापडतं. आठवड्यातून दीड तास वाजणारी पेटी त्या मानाने खूप टिकते.

सात माणसं पुरतात: पेटीवर बुवा, पखवाज, झांज आणि मागे धरायला चौघं. वार ठरलेला हवा, जागा देवळाचा सभामंडप. बंद घराची पडवी मोहात पाडते, पण सातबाऱ्यावर वीस नावं असली की कौल फिरवायलाही सगळ्यांची संमती लागते. तिथे भजन अडकवू नका. मांडव, लाइट, महोत्सव यांचा खर्च पहिली दोन वर्षं तरी नको. एका रात्रीच्या स्पीकरच्या भाड्यात पानं बदलून होतात.

भजनाने नोकऱ्या येत नाहीत, त्यामुळे माणसं कायमची परततील असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. वर्षाला दोनदा उघडणारं घर चार-पाचदा उघडेल, झाडलं जाईल, एवढं मात्र होतं. त्यासाठी एकादशी, जत्रा, सप्ताहाच्या तारखा आधी कळवायला हव्यात. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. फोन त्याआधी, म्हणजे निदान सत्तर दिवस आधी गेला पाहिजे.